पांढरं जातंय, एवढंच लिहिलं होतं

जळगावातल्या एका नागरी आरोग्य केंद्रात मी आठवड्यातून तीन दिवस बायकांची ओपीडी बघते. हे प्रकरण तिथलं. बाईंना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. त्यांना इथे आक्का म्हणू. खान्देशात गल्लीआड एक आक्का असतेच, तेवढ्यावरून कुणी कुणाला ओळखणार नाही.

आक्का 47 वर्षांच्या. एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये निवडायच्या कामाला. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, मधे अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी. नवरा लोडिंग रिक्षा चालवतो, मुलगा पुण्यात, मुलगी चोपड्याला दिलेली. शुगर सहा वर्षांपासून. पाळी वर्षभरापासून मागेपुढे व्हायला लागलेली. संक्रांतीनंतर खाज सुरू झाली, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यांनी पाच वेळा औषध घेतलं. पाचही वेळा वेगळं. त्यातलं एक मी दिलेलं होतं.

पाच औषधं

पहिली गोळी गल्लीच्या तोंडावरच्या मेडिकलमधली. काउंटरवर मुलाच्या वयाचा पोरगा उभा असतो, म्हणून आक्का स्वतः गेल्याच नाहीत. शेजारच्या सुनेला पाठवलं. तिनं ‘पांढरं जातं आणि खाज आहे’ एवढं सांगितलं आणि दीडशेची गोळी आणली. दीडशेची म्हणजे फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅम. योनीमार्गातल्या बुरशीच्या साध्या संसर्गाला ही एक गोळी पुरतेही. आक्कांना आठ-दहा दिवस बरं वाटलं, मग खाज परत आली.

दुसऱ्या खेपेला त्याच मेडिकलमधून ट्यूब आली. ही ट्यूब आमच्याकडे घरोघरी खिडकीत सापडते. गजकर्णाला तीच, घामोळ्यांना तीच, तोंडावरच्या डागांनाही तीच. तिच्यात बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि जोडीला क्लोबेटासॉलसारखं कडक स्टिरॉइड. खाज लगेच थांबते ती स्टिरॉइडमुळे, त्यामुळे बाईला वाटतं की गुण आला. बुरशीला मात्र रान मोकळं मिळतं आणि त्या नाजूक जागची कातडी पातळ होत जाते. 2018 पासून अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. हे कागदावर. आक्कांनी ती पाच आठवडे लावली.

मग लघवीला जळजळ सुरू झाली. घराजवळच्या डॉक्टरांनी ‘युरिन इन्फेक्शन’ म्हणून पाच दिवसांची अँटिबायोटिक दिली. लघवी तपासली नाही. एक साधा प्रश्न विचारला असता तरी फरक कळला असता: आग आतून होते, की लघवी बाहेरच्या कातडीला लागली की होते? आक्कांची आग बाहेरची होती, चिरा पडलेल्या जागेवर लघवी लागल्याची. अँटिबायोटिकनं योनीमार्गातले चांगले जंतू मारले. हेच जंतू तिथली आम्लता राखतात आणि बुरशीला आवरून धरतात. ते गेल्यावर खाज दुप्पट झाली.

मार्चच्या मध्यात आक्का माझ्याकडे आल्या. त्या दिवशीचा केसपेपर आत्ता माझ्यासमोर आहे. अक्षर माझंच: ‘47 वर्षे. पांढरं जातंय, 2 महिने. डीएम, गोळ्या चालू. किट 2.’ संपलं. डीएम म्हणजे डायबेटिस. किट 2 म्हणजे एड्स नियंत्रण कार्यक्रमातल्या रंगीत पाकिटांमधलं हिरवं पाकीट. त्यात सेक्निडॅझोल 2 ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅम असतं. जिथे प्रयोगशाळा नाही तिथेही बाई औषधावाचून परत जाऊ नये म्हणून ही पद्धत आली, आणि ती वाईट नाही. पण माझ्याकडे टेबल होतं, आतून बघायचा स्पेक्युलम होता, दिवाही होता. बाहेर रांग होती. आक्कांनी पदर मुठीत घट्ट धरला होता. ‘तपासू का?’ म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘राहू द्या मॅडम, पुढच्या टायमाला.’ मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते.

पाचवी गोळी शेजारणीची. तिला कधीतरी ‘पांढऱ्या पाण्यावर’ मेट्रोनिडॅझोल दिलं होतं आणि गुण आला होता. उरलेल्या सहा गोळ्या तिनं आक्कांना दिल्या. मेट्रोनिडॅझोल बुरशीवर काहीच करत नाही.

इथे थोडं शब्दाबद्दल बोलायलाच हवं. ‘पांढरं जाणं’, ‘अंगावरून जाणं’, ‘धुपणी’, वैद्यांचा ‘श्वेतप्रदर’, अहिराणीत ‘धवळं जाणं’. शब्द इतके, पण सगळे एकाच ठिकाणी नेऊन सोडतात. पाळीच्या मध्यावर येणारा अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा स्राव, गर्भारपणात वाढणारं पाणी, बुरशीचा दह्यासारखा चोथा, वास मारणारं राखाडी पाणी, फेसाळ हिरवट पाणी, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा घाण स्राव, या सगळ्याला आमच्याकडे एकच वाक्य आहे. मेडिकलवाला ते ऐकतो आणि गोळी देतो. मी ते ऐकलं आणि पाकीट दिलं. निदान रोगाचं झालंच नाही. झालं ते वाक्याचं.

टेबलावर

एप्रिलचा दुसरा आठवडा. बाहेर 43 अंश. आक्का आल्या आणि उभ्याच राहिल्या. खुर्ची पुढे केली तर ‘बसवत नाही’ म्हणाल्या. आमच्या सिस्टर अमळनेरकडच्या, घरात अहिराणी. त्यांनी दार लावलं, आक्कांना पाणी दिलं आणि अहिराणीत काहीतरी विचारलं. इतका वेळ माझ्याशी तोलून-मापून पुस्तकी बोलणाऱ्या आक्का एकदम मोकळ्या झाल्या. ‘आंगवरथून धवळं जास, आग व्हस. सांगाले बी लाज वाटस.’ टेबलावर झोपल्यावर छताकडे बघत म्हणाल्या, ‘तीन महिना व्हयनात, आजपावत कोनी देखंच नही.’

तो टोमणा नव्हता. म्हणूनच मला जास्त लागला.

बाहेरचा भाग लालभडक, सुजलेला, घड्यांमध्ये केसाएवढ्या चिरा. मुख्य लालीपासून थोडं दूर, मांडीच्या कडेला, सुटेसुटे लाल पुरळ. बुरशीची ही खूण एकदा ओळखता आली की सहसा चुकत नाही. ट्यूब लावलेल्या जागची कातडी सिगारेटच्या कागदासारखी चुरगळलेली, चकचकीत. आत भिंतीला चिकटलेला दह्याचा चोथा. वास नाही. स्रावाला लावलेली पीएचची, म्हणजे आम्लता मोजायची, पट्टी 4 वर थांबली. योनीमार्गाचा पीएच एरवी 3.8 ते 4.5 असतो आणि बुरशीत तो सहसा बदलत नाही; जंतूंचा समतोल बिघडून येणाऱ्या वासाच्या पाण्यात तो 4.5 च्या वर जातो. म्हणजे ही एवढीशी पट्टी निम्मी वाट दाखवते. काचपट्टीवर स्राव, त्यावर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, मग मायक्रोस्कोप. उसाच्या कांड्या जोडाव्यात तसे तंतू आणि त्यांच्या पेरांना चिकटलेले बारीक गोळे. काचपट्टीवर बुरशी दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असं म्हणता येत नाही. बऱ्याच बायकांत ती अशी सापडत नाही आणि कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघणं, करावं लागतं. आक्कांच्या पट्टीवर मात्र गर्दी होती. तरीही कल्चरला पाठवलं, कारण वर्षात तीन-चारदा उलटणाऱ्या संसर्गात बुरशीची जात माहीत असलेली बरी. कँडिडा ग्लाब्राटा असेल तर दीडशेच्या गोळीला ती जुमानत नाही. आक्कांची निघाली साधी कँडिडा अल्बिकन्स.

पडदा ओढल्यापासून पट्टी बघून होईपर्यंत 18 मिनिटं लागली. मार्चमध्ये मी जी वाचवली, ती हीच.

औषधांची पिशवी

बोटाच्या रक्तातली साखर 268. पुढे एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, आलं 9.4. वारंवार बुरशी होणाऱ्या बाईची साखर बघायची, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं, आणि मीही मार्चमध्ये विचारलं होतंच: ‘शुगर आहे का?’ ‘आहे, गोळी चालू आहे.’ कोणती, ते विचारलं नव्हतं. आता म्हटलं, उद्या औषधांची पिशवी घेऊन या.

पिशवी साडीच्या दुकानाची होती. तीत मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅम, बीपीची गोळी, आणि एक नवी स्ट्रिप. मागच्या बाजूला बारीक अक्षरात डॅपाग्लिफ्लोझिन 10. कधीपासून? ‘दिवाळीनंतर. शुगरच्या डॉक्टरांनी वाढवली.’ दिवाळीनंतर गोळी, संक्रांतीनंतर खाज. मधे दोन महिने.

ही गोळी कसं काम करते ते नीट सांगते, कारण हल्ली ती घरोघरी आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये तिचं पेटंट संपलं, भारतीय कंपन्यांनी ती बनवायला घेतली आणि किंमत धाडकन उतरली. आपल्या किडनीतून दिवसाला सुमारे 180 ग्रॅम साखर गाळली जाते आणि जवळजवळ सगळी परत शोषली जाते. शोषून घेणारं जे दार आहे, ते ही गोळी अडवते. त्यामुळे डायबेटिसच्या पेशंटच्या लघवीतून दिवसाला साधारण 70 ग्रॅम साखर बाहेर पडते. चहाच्या चमच्यानं मोजली तर चौदा-पंधरा चमचे. रक्तातली साखर उतरते, वजन थोडं घटतं, हृदयाला आणि किडनीला चांगला फायदा होतो. पण तीच साखर ज्या वाटेनं बाहेर पडते तिथे बुरशीला आयतं खाद्य मिळतं. हा दुष्परिणाम लपलेला नाही, औषधाच्या माहितीपत्रकात अगदी वरच्या भागात आहे, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो.

मी शुगरच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तो लगेच घेतला आणि तक्रार ऐकूनही घेतली. आक्कांच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन जायला लागलं होतं: प्रमाण 110, जे 30 च्या आत हवं. किडनी वाचवायला ही गोळी दिली होती, आणि योग्य कारणानं दिली होती. ‘मी सांगितलं होतं, पाणी भरपूर प्या, स्वच्छता ठेवा.’ आक्कांनाही ते आठवत होतं. पण ‘खाली खाज सुटली तर मला सांगा’ असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी आक्का सांगणार कशा? त्या डॉक्टरांकडे नेहमी पुतण्याला घेऊन जातात. केबिनमध्ये बाजूच्या खुर्चीवर पुतण्या बसलेला असतो.

आणि पाणी भरपूर प्या, याचं काय झालं ते बघा. या गोळीनं लघवीला जास्त होते. मिलमध्ये साठेक बायकांना दोन संडास, शेडच्या पार टोकाला, आत नळ नाही. आक्कांनी यावर स्वतःच उपाय काढला: पाणीच कमी प्यायचं. 43 अंशांत, डाळीच्या भुशात, नायलॉनच्या साडीत आणि जाड पारकरात दिवसभर मांडी घालून बसायचं, लघवी दाबून धरायची, आणि लघवीत साखर. बुरशीला याहून काय हवं?

घरी तुरटीच्या पाण्यानं धुणं चालू होतं, शिवाय बादलीत जंतुनाशकाचं झाकणभर. दोन्हींनी चिरा जास्तच चरचरल्या. निकर मोरीतल्या दांडीवर, टॉवेलखाली वाळत. जळगावच्या एप्रिलमध्ये कपडा उन्हात टाकला तर दहा मिनिटांत त्याचा पापड होतो, पण ती एवढी एक वस्तू कधी उन्हात जात नाही. दिराला दिसेल. (ओलसर कपड्यामुळेच संसर्ग होतो असं मी म्हणणार नाही; मुख्य कारण लघवीतली साखर होती. पण ओलावा आणि घाम त्याला हात देतात.)

मधेच घसरलेली गोष्ट

ठरलं असं: डॅपाग्लिफ्लोझिन तूर्त बंद, त्याऐवजी शुगरच्या डॉक्टरांनी दुसऱ्या गटातली गोळी दिली, सिटाग्लिप्टिन. किडनीसाठी टेल्मिसार्टन. ट्यूब कचऱ्यात. धुवायला फक्त साधं पाणी. आणि संसर्ग जोरात असल्यामुळे फ्लुकोनॅझोल एकदा न देता 72 तासांच्या अंतरानं तीनदा.

दुसऱ्या गोळीनंतर, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दोन दिवस आधी, मिलमध्ये आक्कांना दरदरून घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली. सण तोंडावर, लेक माहेरी येणार, मांड्यांची तयारी बाकी. सकाळी लवकर निघण्याच्या घाईत भाकरी खाल्ली नव्हती, गोळी मात्र घेतली होती. बाजूच्या बाईनं डब्यातला गुळाचा खडा तोंडात घातला. दहा-पंधरा मिनिटांत त्या सावरल्या. सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं. त्या वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनी संध्याकाळी सहज फोनवर सांगितलं म्हणून मला कळलं, आणि पोटात खड्डा पडला.

फ्लुकोनॅझोल यकृतातला जो एन्झाइम अडवतं, त्याच एन्झाइमवर ग्लिमेपिराइडचा निचरा अवलंबून असतो. दोन्ही एकत्र दिली की ग्लिमेपिराइड रक्तात साठतं आणि साखर खाली येते. हे मला माहीत होतं. पिशवीतली ग्लिमेपिराइडची स्ट्रिप मी हातात धरली होती. पण डॅपाग्लिफ्लोझिन सापडल्याच्या आनंदात बाजूच्या गोळीकडे बघितलंच नाही. चोर पकडला म्हणून मिरवताना मागचं दार उघडं राहिलं, तसं झालं. अशी सवय लागते डॉक्टरांना. एक कारण मिळालं की डोकं थांबतं.

तिसरी गोळी दिली नाही. ग्लिमेपिराइड 1 मिलिग्रॅमवर आणलं. बुरशीसाठी तोंडावाटे काही नको, क्लोट्रिमॅझोल 100 मिलिग्रॅमची आत ठेवायची गोळी, चौदा रात्री. बाहेरून क्लोट्रिमॅझोलचं साधं मलम, स्टिरॉइडशिवायचं. आत ठेवायची गोळी देताना ‘आत’ म्हणजे कुठे, हे चित्र काढून सांगावं लागतं. पाण्यासोबत गिळणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्यांची चूक नाही, गोळी दिसते गोळीसारखीच. झोपायच्या वेळी, सगळी कामं उरकल्यावर, एकदा ठेवली की उठायचं नाही. आक्का म्हणाल्या, सगळी कामं उरकल्यावर म्हणजे साडेअकरा.

आखाजीला आमरस झालाच. मी काही बोलले नाही. वर्षातून एकदा लेक झोक्यावर बसते, तिच्या ताटाशेजारी आईनं कोरडी भाकरी खावी असं सांगायची माझी हिंमत नाही. एक वाटी, आणि मांडा अर्धा, एवढं ठरलं होतं. किती पाळलं गेलं ते विचारलं नाही.

याच दरम्यान त्यांचा नवरा एकदा येऊन बाहेर बाकावर बसला. आत आल्यावर विचारलं, ‘मलाही औषध लागेल का?’ चांगला प्रश्न. कँडिडा हा लैंगिक आजार मानत नाहीत, जोडीदाराला सरसकट औषध लागत नाही. त्याला स्वतःला खाज-पुरळ असेल तर तपासून द्यायचं. यांना काही नव्हतं. मग जरा थांबून म्हणाला, ‘जानेवारीपासून ती वेगळी झोपते. मला वाटलं, माझ्यावर राग आहे.’ तीन महिने त्या घरात दोघंही काही बोलले नव्हते.

ओट्यावरची दुपार

आशाताई म्हणाल्या, मॅडम, ही एक आक्का नाही, त्या गल्लीत दर दुसऱ्या घरात तीच ट्यूब आहे. शहरात एका आशाकडे एक ते अडीच हजार वस्ती असते, त्यामुळे त्यांना घरातल्या खिडक्यासुद्धा माहीत असतात. मेमध्ये महिला आरोग्य समितीची बैठक एका ओट्यावर ठेवली. वेळ दुपारी तीनची: सकाळी बिबडे (ज्वारीचे पापड) घालून झालेले, पुरुष कामावर, पोरं झोपलेली. मी गेले ती भाषण न करायचं ठरवून. पांढरं पाणी म्हणजे दह्यासारखं, की फेसासारखं, की नुसतं ओलं? वास येतो का? खाज आधी, की पाणी आधी? पहिली दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग एक आजीबाई म्हणाल्या, ‘हाडं झिजतात म्हणून जातं.’ आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

हाडं झिजून पांढरं जात नाही, हे सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. कारण त्याच्याशी कंबरदुखी, चक्कर, थकवा सगळं बांधलेलं आहे, आणि ते खरं असतं. बाई खरंच थकलेली असते. फक्त त्याचं कारण बहुधा रक्त कमी असणं, झोप नसणं हे असतं. ‘उष्णतेमुळे’ हेही तसंच. सब्जा घ्या, गुलकंद खा, काही बिघडत नाही (शुगर असेल तर गुलकंद नको), पण बुरशी त्यानं जात नाही.

पुढच्या दोन आठवड्यांत त्या ओट्यावरच्या काही जणी ओपीडीत आल्या आणि टेबलावर चढल्या. सगळ्यांची तक्रार तीच, एकाच वाक्यातली. आत मात्र वेगवेगळं निघालं. एकीच्या स्रावावर थेंब टाकताच मासळीसारखा वास आला, पीएच 5.5, तिचा जंतूंचा समतोल बिघडला होता, तिला सात दिवस मेट्रोनिडॅझोल. आक्कांना गोळ्या देणारी शेजारीण हीच, म्हणजे तिचं औषध तिच्यासाठी बरोबरच होतं. फक्त तिनं ते अर्ध्यात सोडून उरलेलं वाटून टाकलं होतं. एकीला ट्रायकोमोनास, हा संबंधातून पसरणारा संसर्ग, आणि तिचा नवरा ट्रकवर. इथे मात्र दोघांनाही औषध लागतं, एकट्या बाईला देऊन उपयोग नाही. तो आला, पण तिसऱ्या निरोपानंतर. एक जण चार महिन्यांची गरोदर, बुरशीच होती, आणि मेडिकलमधून दीडशेची गोळी आणून घेणार होती. गरोदरपणात ती तोंडावाटे द्यायची नाही. आत ठेवायचं क्लोट्रिमॅझोल सात रात्री. आणि एक बावीस वर्षांची मुलगी, लग्नाला वर्ष, जिला काहीही झालेलं नव्हतं. पाळीच्या मध्यावरचा नेहमीचा स्राव. सासूच्या धाकानं ती दर महिन्याला गोळ्या खात होती.

अमेरिकेत 2002 साली स्वतःच दुकानातून बुरशीचं औषध घेतलेल्या 95 बायकांना तपासलं, तर जेमतेम तिसऱ्या हिश्शाच्या बायकांना फक्त बुरशी निघाली. त्या शिकलेल्या, पाकिटावरचं वाचू शकणाऱ्या बायका होत्या. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो असं म्हणतात, त्यामुळे अंदाज बांधायचा मोह होतोच. मलाही मार्चमध्ये झाला होता. गंमत म्हणजे माझा अंदाज बरोबर होता, बुरशीच होती. तरी उपाय चुकला.

मिलच्या मालकाकडे मी आणि आशाताई एकदा गेलो. संडासात नळ आला. तिसरा संडास ‘बघू’वर आहे.

पुढे

मेच्या शेवटी खाज गेली, चिरा भरल्या. पातळ झालेली कातडी सावरायला पावसाळा उजाडला. संसर्ग वारंवार उलटत असल्यामुळे आठवड्यातून एकदा क्लोट्रिमॅझोल 500 मिलिग्रॅमची आत ठेवायची गोळी, सहा महिने. एरवी यासाठी दर आठवड्याला फ्लुकोनॅझोल देतात, पण आक्कांच्या बाबतीत तो रस्ता आम्ही बंद केला होता. जुलैत दोन आठवडे गोळी चुकली. केंद्रात साठा नव्हता आणि बाहेरून घ्यायला त्या संकोचल्या. तेवढ्यात थोडी खाज आली, गोळी सुरू केल्यावर थांबली.

संसर्ग बरा झाल्यावर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीची, ॲसिटिक ॲसिड लावून करायची तपासणी केली. 30 ते 65 वयाच्या बायकांची ती दर पाच वर्षांनी व्हायला हवी; 47 वर्षांच्या आणि दोन बाळंतपणं झालेल्या आक्कांची ही पहिलीच. सुदैवानं काही नव्हतं.

श्रावणात कानबाईचा, आमच्या खान्देशी देवीचा, रोट त्यांच्या घरी बसला तेव्हा आक्कांनी पहाटेपासून उभ्यानं सगळं केलं आणि नंतर मांडी घालून पंगतीत बसल्या, हे आशाताईंनी मुद्दाम सांगितलं. ऑगस्टच्या शेवटी एचबीएवनसी 7.4. पण लघवीतलं अल्ब्युमिन 110 वरून 128 वर गेलं.

म्हणून सप्टेंबरमध्ये शुगरच्या डॉक्टरांनी आणि मी बोलून डॅपाग्लिफ्लोझिन पुन्हा सुरू केलं. आता साखर आटोक्यात आहे, आठवड्याची गोळी चालू आहे, मिलमध्ये नळ आहे, आणि काही झालं तर त्या मला किंवा सिस्टरना थेट सांगतील. नवरात्रात कडक उपवास करायचा नाही, हेही त्यांना दोघांनी बजावलं. ही गोळी घेत उपाशी राहिलं तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो, साखर फार वाढलेली नसतानाही. उलटी झाली, जेवण गेलं नाही, तर त्या दिवशी ही गोळी घ्यायची नाही.

आक्का स्ट्रिप हातात फिरवत म्हणाल्या, ‘म्हणजे गोळी चांगली की वाईट, एक काय ते सांगा ना.’ मी म्हटलं, किडनीला चांगली, खाली त्रासाची, म्हणून तुमच्याकडे दर महिन्याला बघायचं. त्यांनी मान डोलावली, स्ट्रिप पिशवीत टाकली आणि टेबलाकडे चालू लागल्या. आता ‘राहू द्या’ म्हणत नाहीत. ऑक्टोबरमध्ये काचपट्टीवर काही नव्हतं. लघवीची तपासणी दिवाळीनंतर आहे.